परवडत नाही, म्हणजे नेमके कोणाला?

मागच्या व्याख्यानात आपण न्याय या कल्पनेचा विचार केला होता. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवले की, हे सगळे ठीक आहे, पण एखादे रोजच्या जगण्यातले उदाहरण घ्या. म्हणून आज आपण एकच प्रश्न हाती घेऊ. देशावर आर्थिक मंदी येते, सरकार खर्चात कपात करते, आणि कुठल्यातरी घरातल्या माणसाचे औषध बंद होते. हे नेमके घडते कसे? विषय अर्थशास्त्राचा वाटतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, तेव्हा आकडेमोडीतला आमचा अधिकार मर्यादित आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण या चर्चेत एक शब्द सारखा कानावर येतो, आणि शब्दांची चौकशी करणे हे तर आमचे कामच. तो शब्द म्हणजे ‘परवडत नाही’.

२०२० च्या टाळेबंदीतली गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांची पाच घरची कामे होती, त्यातली तीन सुटली. ज्या सरकारी दवाखान्यातून त्या गोळ्या आणत, तिथले सगळे कर्मचारी कोविडच्या कामाला लागलेले. दोनदा हेलपाटा घातला, दोनदा उत्तर मिळाले, “गोळी नाही, बाहेरून घ्या.” चार महिन्यांनी त्या परत कामावर आल्या, तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, “सर, एक दिवसाआड घेते. तेवढीच पुरते महिनाभर.” आम्ही त्यांचा पगार चालू ठेवला होता आणि त्याचे मनातल्या मनात समाधानही मानले होते. गोळीचे विचारायचे मात्र आम्हाला सुचले नव्हते.

आता या प्रसंगात ‘परवडत नाही’ कोणाला? मावशींना, हे उघड आहे. पण अंदाजपत्रकाच्या चर्चेत हाच शब्द सरकारही वापरते: एवढा औषधखर्च आम्हाला परवडत नाही. शब्द एकच, कर्ते दोन. आणि आमचे आजचे म्हणणे या दोन कर्त्यांच्या नात्याबद्दल आहे. सरकार ‘परवडत नाही’ म्हणून जो खर्च सोडते, तो बहुतेक वेळा नाहीसा होत नाही. तो घर बदलतो. सरकारच्या वहीतून निघतो आणि कुणाच्यातरी घरच्या वहीत, किंवा कुणाच्यातरी शरीरात जाऊन बसतो.

मंदी वेगळी, कपात वेगळी

पहिली गोष्ट ही की, मंदी आणि कपात या दोन गोष्टी आपण एका दमात उच्चारतो, पण त्या एक नाहीत. क्रिस्टोफर रूम या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखवले की, अमेरिकेत बेकारी वाढते त्या काळात एकूण मृत्यूचे प्रमाण उलट थोडे घटते. ऐकून दचकायला होतं, नाही का? पण कारणे साधी आहेत. लोक कमी फिरतात, म्हणून रस्त्यावरचे अपघाती मृत्यू कमी होतात. आत्महत्या मात्र वाढतात, हेही त्याच अभ्यासात आहे. शिवाय हा सगळा सरासरीचा हिशेब आहे. ज्याची नोकरी गेली त्या माणसाचे काय झाले, हे सरासरी सांगत नाही.

आम्ही हा अभ्यास मुद्दाम सांगतो, कारण त्यातून एक धडा निघतो. मंदी आली म्हणजे माणसे मरणारच, असा काही निसर्गनियम नाही. मंदीत सरकार काय करते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

मंदीत काय होतं, बघा. कुटुंबाचे उत्पन्न घटते. कालपर्यंत खासगी डॉक्टरकडे जाणारा माणूस आज सरकारी रुग्णालयाच्या रांगेत येतो. म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेवरचा भार वाढतो. नेमके याच वेळी कर कमी जमा होतात आणि सरकारचा हात आखडतो. गरज वर, पैसा खाली. अशा वेळी आरोग्यावरचा खर्च कापणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

कपात बसते कुठे?

आता दुसरी गोष्ट. आरोग्यखात्याचा खर्च दहा टक्क्यांनी कापला, तर सेवा दहा टक्क्यांनी कमी होते का? वरवर तसे वाटते. पण खर्चाची घडण तशी नसते. आपल्याकडे आरोग्यखर्चाचा मोठा भाग पगारांचा. पगार सहजासहजी थांबवता येत नाहीत. मग कात्री लागते ती औषधांना, एक्स-रेच्या फिल्मला, प्रयोगशाळेतल्या रसायनांना, गाडीच्या डिझेलला, यंत्राच्या दुरुस्तीला. रिकामी झालेली पदे भरली जात नाहीत, किंवा कंत्राटावर भरली जातात. त्यामुळे कागदावर दहा टक्के दिसणारी कपात प्रत्यक्षात फार मोठी ठरते. डॉक्टर आहेत, औषध नाही. यंत्र आहे, ते बंद आहे. इमारत उभी, पाटी लावलेली, आणि आत गेलेल्या माणसाच्या हातात बाहेरच्या औषधाची चिठ्ठी.

इथे तत्त्वज्ञानातला एक भेद उपयोगी पडतो. अमर्त्य सेन यांनी आयुष्यभर तो मांडला: वस्तू असणे वेगळे आणि ती वस्तू वापरून काही करू शकणे वेगळे. गावापासून पाच किलोमीटरवर आरोग्य केंद्र आहे, ही झाली उपलब्धता. तिथे जायला बुडवलेली मजुरी, गाडीभाडे, दोनदा घालावा लागलेला हेलपाटा, बाहेरून आणायचे औषध, हे सगळे झेपले तर ती झाली पोहोच. कपातीच्या काळात उपलब्धता बऱ्याचदा जशीच्या तशी दिसते. तुटते ती पोहोच. आणि सरकारी अहवाल केंद्रे मोजतात, परत गेलेली माणसे मोजत नाहीत.

पुढचे चक्र आणखी विचित्र आहे. दोनदा रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. मग वर्षअखेर अहवाल निघतो की, केंद्रातली रुग्णसंख्या घटली. लोक येतच नाहीत, तर खर्च कशाला? म्हणजे कपातीचा परिणाम हाच पुढच्या कपातीचे समर्थन होऊन बसतो.

ग्रीसमध्ये काय झाले

हे सगळे एका देशात फार थोड्या वर्षांत, अगदी उघडपणे घडले. तो देश ग्रीस. २००९ च्या अखेरीस तिथल्या सरकारची तूट आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, हे बाहेर आले. मे २०१० मध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर केले, अर्थात अटींसह. त्यातली एक अट अशी की, सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. पुढच्या काही वर्षांत त्या देशाची अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आकसली. २००८ मध्ये ८ टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी २०१३ मध्ये २७ टक्क्यांवर गेली.

न्यायाने बोलायचे, तर ग्रीसच्या आरोग्यव्यवस्थेत गळती पुष्कळ होती. औषधांवर वारेमाप खर्च होई. डॉक्टरच्या हातात पैशाचे ‘छोटे पाकीट’ ठेवण्याची पद्धत होती, तिला तिथे ‘फाकेलाकी’ असा शब्दच आहे. तेव्हा सुधारणा हवीच होती. पण गळती बुजवायला वेळ लागतो, नीट बघावे लागते. टक्केवारीची मर्यादा घालायला एक ओळ पुरते.

तिथला आरोग्यविमा नोकरीला जोडलेला होता. नोकरी गेली की ठरावीक मुदतीनंतर विमाही जाई. देशाची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या आसपास, आणि त्यात २० लाखांहून अधिक माणसे विम्याबाहेर पडली. यातला तर्कदोष लक्षात घ्या. विमा कशासाठी असतो? वाईट दिवसांसाठी. इथे वाईट दिवस आले की विमा संपत होता. २०११ मध्ये सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची फी ३ युरोंवरून ५ युरो झाली. २०१४ च्या सुरुवातीला रुग्णालयात दाखल होण्यासाठी २५ युरोंची फी लागू झाली. एवढा विरोध झाला की, ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली.

दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली, इंजेक्शनने अमली पदार्थ घेणाऱ्यांची. रस्त्यावर जाऊन या लोकांना स्वच्छ सुया देण्याचे, त्यांच्याशी बोलण्याचे काम करणाऱ्या कार्यक्रमांना कात्री लागली. त्यांच्या बाजूने कोण भांडणार? या गटात एचआयव्हीची नवी लागण २००९ मध्ये १५ जणांना झाल्याची नोंद आहे. २०१२ मध्ये तो आकडा ४८४ होता. सुईची किंमत ती काय! आणि एचआयव्हीचे औषध जन्मभर घ्यावे लागते. या वर्षी वाचवलेला पैसा पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या खात्यावर चढवला गेला.

दुसरी गोष्ट हिवतापाची. ग्रीस १९७४ मध्ये हिवतापमुक्त झाला होता. २०११ मध्ये दक्षिणेकडच्या लॅकोनिया भागात हिवतापाची स्थानिक लागण पुन्हा दिसली. डासनियंत्रणाला लागलेली कात्री हे त्यामागचे एक कारण अभ्यासकांनी सांगितले. प्रतिबंधाच्या कामाचे दुर्दैवच असे की, ते नीट चालले तर काहीच घडत नाही. आणि जिथे काहीच घडत नाही, तिथला खर्च वायफळ वाटतो.

याच काळात, डिसेंबर २०११ मध्ये, यॉर्गोस विखास या हृदयरोगतज्ज्ञाने काही सहकाऱ्यांना घेऊन अथेन्सजवळ एलिनिको येथे, जुन्या विमानतळाच्या परिसरात, एक मोफत दवाखाना सुरू केला. डॉक्टर बिनपगारी, औषधे लोकांनी आणून दिलेली, आणि रोख देणगी घ्यायची नाही असा नियम. विमा गमावलेली माणसे तिथे येत, अगदी कर्करोगाचे रुग्णसुद्धा. असे दवाखाने पुढे देशात बऱ्याच ठिकाणी निघाले. हे काम मोठेच आहे. पण आमच्या मुद्द्याला तेच पुरावाही आहे. सरकारने सोडलेला खर्च इथे डॉक्टरांच्या संध्याकाळच्या वेळात आणि शेजाऱ्यांच्या औषधाच्या डब्यात जाऊन बसला होता. शेवटी २०१६ मध्ये कायदा करून विमा नसलेल्यांनाही सार्वजनिक आरोग्यसेवा खुली करावी लागली.

आपल्याकडचे १९९१

ग्रीस लांब आहे असे वाटत असेल, तर आपण घरी येऊ. १९९१ मध्ये आपल्या देशाकडे परकीय चलन जेमतेम उरले होते, सोने गहाण पडले होते. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारी खर्च आवळला गेला, आणि केंद्राकडून राज्यांना रोगनियंत्रणासाठी मिळणाऱ्या निधीलाही त्याची झळ बसली. त्याआधीच, १९८७ मध्ये, जागतिक बँकेच्या एका अहवालाने विकसनशील देशांना सल्ला दिला होता की, सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून फी घ्यावी. हा विचार नव्वदच्या दशकात आपल्याकडेही मुरला.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या तीन फेऱ्या शेजारी ठेवून बघा. १९८६-८७ मध्ये रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक सरकारी रुग्णालयात जात. १९९५-९६ मध्ये हे प्रमाण ४३-४४ टक्क्यांवर आले, २००४ मध्ये ४० च्या आसपास. आणि दुसरा आकडा जास्त बोलका आहे. ज्यांनी आजारपणात उपचारच घेतले नाहीत, त्यांच्यापैकी ‘पैसे नाहीत’ हे कारण देणारे ग्रामीण भागात १९८६-८७ मध्ये १५ टक्के होते, १९९५-९६ मध्ये २४ टक्के आणि २००४ मध्ये २८ टक्के. हे सगळे केवळ कपातीमुळे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. खासगी रुग्णालये वाढत होती, लोकांच्या अपेक्षा बदलत होत्या. पण याच काळात देशाचे उत्पन्न वाढत होते, हे विसरू नका. देश श्रीमंत होत होता आणि ‘पैसे नाहीत’ म्हणून आजार अंगावर काढणाऱ्यांचे प्रमाणही वाढत होते. देशाने गहाण ठेवलेले सोने सोडवले. आजारपणासाठी सावकाराकडे गेलेली मंगळसूत्रे किती सुटली, याची वही कोणाकडे नाही.

“फी घेतली की किंमत कळते”

आता दोन आक्षेप घेऊ. पहिला नेहमीचा: फुकट दिले की लोकांना किंमत राहत नाही, थोडी फी असावी, म्हणजे विनाकारण गर्दी होत नाही. बोलायला हे शहाणपणाचे वाटते. पण ते तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेने दोन हजारांहून अधिक कुटुंबांवर मोठा प्रयोग केला. काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला. फी भरावी लागली तसे लोक डॉक्टरकडे कमी गेले, हे खरे. पण त्यांनी अनावश्यक उपचार जेवढे टाळले, साधारण तेवढेच आवश्यक उपचारही टाळले. आणि गरीब असून रक्तदाब वाढलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत उपचारांत अधिक आटोक्यात राहिला. कारण उघड आहे. आपले दुखणे साधे की गंभीर, हे रुग्णाला आधी कसे कळावे? ते कळावे म्हणूनच तर तो डॉक्टरकडे जातो.

केनियातला प्रयोग आणखी साधा. गरोदर बायकांना कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या काही दवाखान्यांत फुकट दिल्या, काही ठिकाणी थोडी किंमत लावली. किंमत शून्यावरून अवघी ६० सेंट झाली, तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी घसरले. आणि फुकट नेणाऱ्या बायका ती वापरतही होत्या, विकत घेणाऱ्यांइतक्याच. २०१३ मध्ये जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिम किम यांनीच दवाखान्याच्या दारात फी घेणे अन्यायाचे असल्याचे जाहीरपणे म्हटले. सल्ला मागे घ्यायला पाव शतक लागले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत फी बंद झाली, ते याच दिशेचे पाऊल. मात्र केस पेपर मोफत आणि औषध बाहेरून, असे झाले तर खर्चाने पुन्हा घर बदलले, एवढेच.

“पण पैसाच नसेल तर?”

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारकडे खरोखरच पैसा नसेल तर? याला उत्तर म्हणून आम्ही ब्रिटनकडे बोट दाखवू. ५ जुलै १९४८ रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, सर्वांसाठी, दारात पैसे न घेता. तेव्हा ब्रिटन काही सुखवस्तू नव्हता. महायुद्धामुळे देशावरचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त होते. पावसुद्धा दोन वर्षे रेशनवर होता. उलट १९५१ मध्ये, कोरियाच्या युद्धासाठी शस्त्रास्त्रांवरचा खर्च वाढला, तेव्हा कवळ्या आणि चष्मे यांवर आकार लावला गेला, आणि ती सेवा उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. म्हणजे भुकेल्या देशाला ‘परवडले’, आणि तीनच वर्षांनी त्याच देशाला कवळी ‘परवडेना’.

तेव्हा सरकार ‘परवडत नाही’ म्हणते, त्यात एक दडलेले वाक्य असते: ‘दुसऱ्या कशाच्या तुलनेत’. मावशींच्या ‘परवडत नाही’मागे असे दुसरे काही उरलेलेच नसते. हा फरक आमच्या दृष्टीने न्यायाचा फरक आहे. आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने हे तत्त्व स्पष्ट मांडले होते की, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणाचेही उपचार अडता कामा नयेत. तेव्हा देश पारतंत्र्यात होता, बंगालच्या दुष्काळातून नुकताच बाहेर पडला होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तिथवर आपण पोहोचलेलो नाही. लोकांनी खिशातून भरण्याचे प्रमाण, राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, २०१३-१४ मधल्या ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आले, ही चांगली गोष्ट आहे. तरी त्या वर्षीही शंभरातले ३९ रुपये घरातूनच गेले.

शेवटी एक काम सांगतो. दर वर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो. त्यात अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात. कपात बहुधा भाषणात जाहीर होत नाही, ती या रकान्यांच्या मधल्या फरकात असते. आपल्यापैकी ज्यांना आकडे वाचता येतात, त्यांनी आरोग्याच्या पानावरचे हे रकाने वाचावेत. आणि जिथे बचत दिसेल तिथे तीन प्रश्न विचारावेत: हा खर्च आता कोणाच्या वहीत गेला? त्यामुळे दवाखान्यात यायचे कोण थांबले? आणि हेच पैसे किती वर्षांनी, किती पटीने भरावे लागतील?

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: आता महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान भारत आहे, पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. मग ही काळजी कशाला?*

या योजनांनी पुष्कळ कुटुंबांना कर्जातून वाचवले आहे, ते नाकारायचे कारण नाही. पण त्या मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. मावशींची गोळी त्यात बसत नाही. ती दवाखान्यात मोफत मिळते, साठा असेल तर. एक दिवसाआड गोळी घेऊन उद्या त्यांना पक्षाघाताचा झटका आला असता, तर योजना कदाचित धावून आली असती. पण तो येऊ नये म्हणून जी रोजची गोळी लागते, ती त्या दिवशी कपाटात नव्हती. त्या आता रोज गोळी घेतात. महिन्याच्या शेवटी आम्ही आठवणीने विचारतो. पण शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या बाईंना कोण विचारते, हे आम्हाला ठाऊक नाही. असे कोणी विचारण्यावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून तर सार्वजनिक व्यवस्था हवी.